नाजूक त्वचा आणि कोकणची दमट हवा: आधी काय थांबवायचं, मग काय लावायचं

"चेहरा चरचरतोय, काय लावू?" नाजूक त्वचेच्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कुणी कोरफड सुचवतं, कुणी साय-हळद. शेजारच्या काकू म्हणतात, "अगो, थोडं खोबरेल चोळ, निवेल." आठवड्याभरात पाच गोष्टी लावून होतात. त्यातली कुठली बाधली आणि कुठली मानवली, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

रत्नागिरीच्या आसपासच्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत मी हे पुन्हा पुन्हा पाहते, म्हणून क्रम नीट लिहून काढते आहे. आधी थांबवायचं. मग धुण्याची पद्धत सुधारायची. मग एकच गोष्ट लावायची. नवीन काही आणलंच तर ते चेहऱ्याआधी हातावर तपासायचं. हा क्रम उलटा झाला की महागातलं क्रीमही वाया जातं.

मी डॉक्टर नाही. माझी स्वतःची कातडी लहानपणापासून अशी आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडे खेपा घालून जे शिकले आणि किनारपट्टीवर राहून जे वापरून पाहिलं, तेच इथे आहे.

सुरुवातीआधी: हे खरंच नाजूक त्वचेचं दुखणं आहे का?

नाजूक त्वचा म्हणजे साबण, घाम, ऊन, वारा किंवा एखादं क्रीम यांनी आग होणारी, चरचरणारी, ओढल्यासारखी वाटणारी, कधी लाल होणारी त्वचा. कारण दूर केलं की ती काही दिवसांत शांत होते. पुढच्या गोष्टी या यादीत बसत नाहीत. त्यांच्यावर घरी प्रयोग करू नका:

- गोल चट्टा, कड उठलेली आणि मध्ये जरा मोकळा, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली. हा बहुधा नायटा असतो.
- रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात एकाहून जास्त जणांना तोच त्रास. ही खरूज असू शकते. औषध सगळ्या घराने एकाच वेळी घ्यावं लागतं.
- फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवा. कुष्ठरोगाचं औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं आणि लवकर घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. लपवून ठेवण्यात फक्त नुकसान आहे.
- शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड. ही नागीण असेल तर पहिल्या ७२ तासांत औषध सुरू झालेलं चांगलं.

पावसाळ्यात या शेवटच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखी लांबट रेघ दिसते आणि घरात "नागीण झाली" म्हणून धावपळ उडते. पुष्कळदा तो रात्री दिव्याभोवती येणाऱ्या बारीक लाल-काळ्या किड्याचा रस असतो. झोपेत तो किडा मानेवर चिरडला जातो. अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा. रेघ आधीच उठली असेल आणि नक्की काय ते कळत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. नागीण निघाली तर वेळ हातातून गेलेला नको.

टप्पा १: तयारी

सामान थोडंच लागतं:

१. एक सौम्य, बिनवासाचं क्लीन्झर. वडीसारखं असलं तरी चालेल, पण वेष्टणावर 'साबणविरहित' किंवा 'सिंडेट' असं काही लिहिलेलं हवं.
२. एक साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. घटकांत ग्लिसरीन असावं. सेरामाइड (त्वचेतच असणारा एक स्निग्ध घटक) असेल तर उत्तम.
३. पेट्रोलियम जेलीची डबी.
४. मऊ सुती पंचे, निदान दोन.
५. एक वही.

वही टाळू नका. तारीख, काय लावलं, कुठे आग झाली, त्या दिवशी काय खाल्लं-सोललं-धुतलं, बाहेर किती वेळ होतो: रोज दोन ओळी पुरेत. तीन आठवड्यांनी ती वही जे सांगते, ते आठवणीला सांगता येत नाही.

वेष्टण वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'अनसेंटेड' म्हणजे वास येत नाही एवढंच. मूळ वास दाबायला त्यात दुसरं सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. आपल्याला हवं असतं 'फ्रेग्रन्स-फ्री'. आणि 'हर्बल', 'नॅचरल' या शब्दांवरून त्वचेला काय मानवेल याचा काहीच पत्ता लागत नाही. काजूचा चीकही नैसर्गिकच आहे.

टप्पा २: सगळं थांबवा, दोन आठवडे

चेहऱ्यावरचं आणि त्रास होणाऱ्या भागावरचं सगळं बंद करा: फेसवॉश, स्क्रब, टोनर, गोरेपणाचं क्रीम, उटणं, मुलतानी माती, लिंबू, टोमॅटो, टूथपेस्ट (होय, पुरळावर टूथपेस्ट लावणारे अजून आहेत), अत्तर, पावडर. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं टोपण ओतायची सवय असेल तर तीही बंद. धडधाकट कातडीला त्याची गरज नसते, नाजूक कातडीला ते जाळतं.

दोन आठवडेच का? त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. चरचर कमी होते की नाही, हे दोन आठवड्यांत समजायला लागतं. पहिले चार-पाच दिवस 'काहीच लावत नाही' म्हणून अस्वस्थ वाटेल, चेहरा कोरडाही दिसेल. तिथेच बहुतेक जण हार मानतात आणि घरातली जुनी ट्यूब शोधतात.

सावधान: ती जुनी ट्यूबच खरी गोम असू शकते. मी सव्वीस वर्षांची असताना औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक छोटी ट्यूब आणली. तीन आठवडे चेहरा आरशासारखा झाला. सोडली तर दोन दिवसांत लालबुंद, म्हणून पुन्हा लावली. हे चक्र सात महिने चाललं आणि त्यातून बाहेर यायला वर्ष गेलं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. वेष्टणावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे असं समजा. नायट्याची म्हणून मिळणाऱ्या अनेक मिश्र क्रीमांतही ते असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आत पसरत राहतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ट्यूब हातोहात मिळते. डॉक्टरांनी दिलेलं, सांगितलं तितकेच दिवस लावलेलं स्टेरॉइड हे चांगलं औषध आहे. त्याला घाबरायचं कारण नाही. घातक असतं ते मनाने, महिनोन्महिने आणि चेहऱ्यावर लावणं.

तपासा: असं क्रीम तुम्ही महिनाभराहून जास्त काळ चेहऱ्याला लावत असाल, तर हा टप्पा एकट्याने करू नका. ते एकदम तोडायचं की हळूहळू कमी करायचं, हे त्वचारोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या.

टप्पा ३: पाणी आणि धुणं

किनाऱ्यालगतच्या गावांत याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. विहिरीला बारमाही एकच पाणी नसतं. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून एक चिकट पांढरा साका तयार करतात. तो बादलीच्या कडेला दिसतो आणि तसाच आपल्या अंगावरही राहतो.

तपासा: पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली विहिरीचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा छोटा तुकडा टाकून जोरात हलवा. वर भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ आहे. फेस थोडा आणि पाणी गढूळ, दह्याच्या निवळीसारखं दिसलं तर जड. ही चाचणी मेमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये करा, फरक डोळ्यांनी दिसेल. "पावसाळ्यात माझी कातडी आपोआप सुधारते" म्हणणाऱ्यांच्या सुधारण्यामागे पुष्कळदा हे पाणीच असतं.

पाणी जड निघालं तर तीन गोष्टी करा:

१. वडीचा साबण सोडून साबणविरहित क्लीन्झर घ्या. त्याचा साका होत नाही. शिवाय नेहमीच्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीपणा मोजायचा आकडा) ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. प्रत्येक आंघोळीनंतर मूळपदावर यायला त्वचेला काही तास लागतात.
२. क्लीन्झर सगळ्या अंगाला नको. काखा, जांघा, पावलं आणि जिथे मळ-घाम आहे तिथे पुरे. हातापायांच्या कोरड्या नळ्यांना नुसतं पाणी चालतं.
३. शेवटचे दोन तांबे मऊ पाण्याचे घ्या. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरून ठेवता येतं. पहिल्या काही पावसांचं सोडून द्या, कौलांवरची घाण त्यात उतरते. पिंप झाकून ठेवा, नाहीतर डास होतील. उन्हाळ्यात चेहऱ्यापुरतं पिण्याचं पाणी वापरलं तरी फरक पडतो.

आता पाण्याची ऊब. बंबातलं कढत पाणी अंगावर घेण्याची चैन आपल्याकडे सोडवत नाही, थंडी नावापुरती असली तरी. कढत पाणी त्वचेतली स्निग्धता धुऊन नेतं आणि खाज असलेल्या माणसाला तेवढ्यापुरतं विलक्षण बरं वाटतं. म्हणूनच ते फसवतं. मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम ना गार लागेल इतकंच पाणी, आणि आंघोळ दहा मिनिटांच्या आत. घासणी, दगड, नारळाचं सोडण अंगाला लावू नका. पंच्याने टिपा, चोळू नका.

समुद्रात डुंबला असाल, तर मीठ अंगावर वाळायच्या आत गोड्या पाण्याने धुवा. वाळूचे कण काढायला चोळण्यापेक्षा दोन तांबे जास्त ओता.

टप्पा ४: ओलावा, तोही मोजून

"आमच्याकडे हवेत इतका दमटपणा, मग मॉइश्चरायझर कशाला?" हे मी शंभरदा ऐकलं आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते हे खरं, पण अंग चिकट असणं वेगळं आणि त्वचेचा थर धड असणं वेगळं. त्या थरातल्या भेगा हवेतल्या बाष्पाने बुजत नाहीत. उलट घाम त्यांत शिरून अधिक चरचरतो. त्यात दिवसातून तीनदा आंघोळ केली की उरलीसुरली स्निग्धताही जाते.

क्रम असा: आंघोळ, टिपणं, आणि अंग किंचित ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. डबी न्हाणीघराच्या दाराशीच ठेवा. खोलीत जाऊन, केस पुसून, कपडे घालून मग लावाल तर निम्मा उपयोग गेला.

किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. चेहरा आणि मानेला अशा अडीच रेघा, एका हाताला पंजासकट चार, एका पायाला पावलासकट आठ. हिशेब केला तर लक्षात येईल की बहुतेक जण गरजेच्या पाव हिश्शानेही लावत नाहीत आणि "मला काही उपयोग झाला नाही" म्हणतात. लावताना लवीच्या दिशेने, वरून खाली, न रगडता.

ऋतूप्रमाणे पोत बदला. एप्रिल ते जून पातळ लोशन. घामाच्या दिवसांत जाड मलम किंवा तेल थापलं तर घामाच्या नलिका बुजतात आणि घामोळं वाढतं. घामोळ्यावर पंखा, सैल सुती कपडे, गार पाण्याची आंघोळ आणि कॅलामाइन. पावडर नको: ती घामात भिजून घड्यांत लगदा होते आणि घासत राहते. डिसेंबर-जानेवारीत, खासकरून सह्याद्रीकडून कोरडा वारा सुटतो तेव्हा, क्रीम घ्या आणि टाचा, कोपरं, ओठ यांवर रात्री वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

मग खोबरेलाचं काय? घरच्या नारळाचं ताजं तेल हातापायांच्या कोरड्या कातडीला पुष्कळांना मानवतं. ओल्या अंगावर पातळ लावलं तर ओलावा धरूनही ठेवतं. चेहरा, छाती आणि पाठ यांवर मात्र ते अनेकांची रोमरंध्रं बुजवतं आणि बारीक पुरळ उठतं. ज्यांना पाठीवर किंवा कपाळावर खाजरे, एकसारखे बारीक पुरळ येतात, त्यांनी तिथे तेल लावूच नये. कोकमतेलाचा गोळा टाचांच्या भेगांसाठी उत्तम, पण तो कोमट करून, गाळून, भेगा धुऊन सुकवल्यावरच. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर आधी डॉक्टर.

टप्पा ५: नवीन वस्तूची चाचणी

दोन आठवडे शांत गेले, आता काहीतरी आणायचं आहे. इथे घाई करणाऱ्यांचे आधीचे दोन आठवडे फुकट जातात. नेहमी दिसणारी चूक म्हणजे मनगटावर एकदा लावून दहा मिनिटं पाहणं. ॲलर्जीची पुरळ दहा मिनिटांत उठत नाही, तिला दोन ते चार दिवसही लागतात. कधी चार-पाच वेळा लावल्यावरच शरीर त्या वस्तूला ओळखतं.

१. कोपराच्या आतल्या बाजूला जुन्या रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. धुऊन निघणारी वस्तू (क्लीन्झर, शांपू) असेल तर नेहमी ठेवता तितकाच वेळ ठेवून धुवा.
२. काही झालं नाही तर जबड्याच्या कडेला, कानाजवळ, तीन दिवस.
३. मगच पूर्ण चेहऱ्यावर.
४. दुसरी नवीन वस्तू त्यानंतर दोन आठवड्यांनी.

सनस्क्रीनची चाचणी करताना तो हात रोज थोडा वेळ उन्हातही जाऊ द्या. काही द्रव्यं ऊन लागल्यावरच बाधतात.

घरगुती वस्तूंनाही हाच नियम. दिवाळीचं उटणं आठ दिवस आधी हातावर तपासता येतं, मग नरकचतुर्दशीच्या पहाटे चेहरा पेटवून घ्यायची वेळ का यावी? केसांचा काळा रंग मात्र घरी सात दिवस लावून पाहू नका. त्याच्या पाकिटावरच ४८ तासांची वेगळी चाचणी दिलेली असते, ती दर वेळी करा. झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'पासून लांबच राहा. त्यातल्या द्रव्याची एकदा ॲलर्जी झाली की ती बहुधा जन्मभर राहते.

सावधान: तपासताना ओठ-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास अडला, तर वाट पाहू नका. थेट दवाखाना.

टप्पा ६: चीक, मासळी, लिंबू

शहरात लिहिलेल्या सल्ल्यांत हे सापडत नाही आणि आपल्याकडची निम्मी दुखणी इथलीच असतात.

*काजू.* फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर काढताना बोटांची सालं निघतात, कारण टरफलातला चीक कातडी अक्षरशः भाजतो. आधी बोटांना खोबरेल चोळा, त्यावर नायट्राइलचे हातमोजे घाला. तेवढा वेळ चेहऱ्याला, डोळ्यांना, लहान मुलांना हात लावू नका. काम संपल्यावर चीक आधी तेलाच्या चिंधीने पुसून काढा, मग साबण-पाणी. थेट पाणी ओतलं तर तो नुसता पसरतो. कामाचे कपडे वेगळे धुवा. काजू चुलीत भाजताना धुराच्या तोंडाशी बसू नका, धुरातूनही चेहरा सुजतो.

*आंबा.* काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले, त्यांच्या चिकातली द्रव्यंही एकमेकांच्या नात्यातली. म्हणून ज्यांना काजूचा चीक बाधतो, त्यांना आंब्याचाही बाधण्याची शक्यता जास्त. मेमध्ये ओठांभोवती पुरळ उठलं की आपण म्हणतो, "आंबा उष्ण पडला." पुष्कळदा गर निर्दोष असतो. देठाजवळचा चीक आणि साल ओठांना लागते, चोखून खाल्लं की हमखास. पुरळ एक-दोन दिवसांनी येतं, म्हणून कुणाला संबंध जोडता येत नाही.

तपासा: पुरळ पूर्ण बसल्यावर आंबा तासभर पाण्यात ठेवा, धुवा. दुसऱ्या कुणीतरी साल काढून फोडी कराव्यात, तुम्ही काट्याने खा, सालीला हात नाही. तीन दिवसांत काही झालं नाही तर दोष चिकाचा होता आणि हापूस सोडायची गरज नाही. पण आंबा खाताच तोंड, घसा किंवा जीभ सुजत असेल, तर ही चाचणी करायची नाही.

आंबे उतरवताना देठ बोटभर ठेवून काढा आणि देठ मोडायचा असेल तेव्हा आंबा उलटा, अंगापासून लांब धरा. चिकाची पिचकारी गालावर उडाली की डाग महिनोन्महिने राहतो.

*मासळी.* कोळंबी सोलून, सुरमई कापून हात खाजतात, त्याची दोन वेगळी कारणं असतात. कापायला बसताच पाच-दहा मिनिटांत गांधी उठत असतील तर ती मासळीचीच ॲलर्जी असू शकते. खाण्याबद्दलही डॉक्टरांशी बोला. पण कामानंतर, संध्याकाळपर्यंत बोटांच्या बेचक्या लाल होऊन चिरत असतील, तर दोष सततच्या ओलीचा, मिठाचा आणि काट्यांच्या बारीक ओरखड्यांचा. त्यांना हातमोजे, आत पातळ सुती मोजे, आणि दर वीस मिनिटांनी मोजे काढून हात सुकवणं. आत घाम साचलेला हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट.

आणि वास घालवायला लिंबू चोळू नका. लिंबाच्या सालीतलं द्रव्य हातावर राहिलं आणि त्यावर ऊन पडलं, की कातडी भाजते: दोन दिवसांनी लाल पट्टे, कधी फोड, मग काळपट डाग. मासळी बाजारातून उन्हातान्हात घरी जाणाऱ्यांना हे हमखास होतं. सौम्य साबणाने दोनदा धुवा, टिपा, लगेच मॉइश्चरायझर. वास थोडा राहिला तर राहू दे.

*लावणी.* चिखलात दिवसभर पाय असले की बेचक्यांत चिखल्या होतात. उतरण्याआधी पायाच्या बोटांमध्ये पेट्रोलियम जेली लावा. वर आल्यावर धुवा आणि प्रत्येक बेचकी वेगळी कोरडी करा. जेली रात्री लावू नका, रात्री बेचक्या मोकळ्या आणि कोरड्या हव्यात. आठवड्यात बऱ्या नाही झाल्या तर बुरशीचं औषध डॉक्टरांकडून घ्या.

टप्पा ७: ऊन

आधी सावली, मग कापड, मग क्रीम, हा क्रम. अकरा ते तीन शक्य तितकं टाळा. छत्री, पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, रुंद काठाची टोपी.

नाजूक त्वचेला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सनस्क्रीन सहसा मानवतं. एसपीएफ ३० पुरे. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या पूर्ण लांबीच्या दोन रेघा, बाहेर पडायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं. बाहेरच असाल तर दर दोन तासांनी आणि पोहल्यावर पुन्हा. पांढरट छटा राहते, ती चालवून घ्या. संध्याकाळी ते धुऊन काढायला विसरू नका. रात्रभर राहिलेलं सनस्क्रीनही चरचरतं. ढगाळ दिवशीही लावा, ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात.

टप्पा ८: कपडे, दागिने, टिकली

पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस दोरीवर लोंबतात. किंचित ओली आतली वस्त्रं घालणं हे जांघेतल्या दुखण्याचं मोठं कारण आहे. आतली वस्त्रं, मोजे आणि पंचे यांना पंख्याखालची जागा आधी द्या, बाकीचे कपडे नंतर. शिवणी आणि नाडीची पट्टी इस्त्रीने सुकवा. कपडे धुण्याची पावडर मोजून अर्धी करा आणि एक पाणी जास्त काढा. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर नको. पंचा प्रत्येकाचा वेगळा.

गणपतीत चाकरमानी घरी येतात, नटणं-सजणं होतं आणि आठवड्याभरात कानाच्या पाळ्या ओल्या होतात. खोट्या दागिन्यांतलं निकेल बाधतं. घामात ते जास्त सुटतं, म्हणून मुंबईच्या वातानुकूलित ऑफिसात चालणारे झुमके इथे चालत नाहीत. टिकलीच्या गोंदाने त्या जागेची कातडी खाजली तर टिकली लगेच बंद. काही गोंदांमुळे तिथे पांढरा डाग पडतो आणि तो कधी कायमचा राहतो. कंपनी बदलून उपयोग होईलच असं नाही. कुंकूही हातावर तपासूनच लावा.

डॉक्टरांकडे कधी आणि कसं जायचं

चार आठवडे हा क्रम पाळूनही आग कमी होत नसेल, झोप मोडत असेल, पाणी किंवा पू येत असेल किंवा तेच पुरळ पुन्हा पुन्हा त्याच जागी उठत असेल, तर जा. तालुक्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते आधी विचारा. एका फेरीत दिवस जातो आणि डॉक्टर नसले की लोक परत येताना पुन्हा दुकानातून ट्यूब घेतात.

जाताना वही, आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा-बाटल्या पिशवीत घालून आणि पुरळ भरात असतानाचे उजेडात काढलेले फोटो न्या. त्या दिवशी चेहऱ्यावर काही लावू नका. स्टेरॉइड लावलं असेल तर सांगा, लाजू नका. आम्ही सगळ्यांनी ते केलेलं आहे.

ॲलर्जी नेमकी कशाची हे शोधायला डॉक्टर पॅच टेस्ट सुचवू शकतात. पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, फार घामही येऊ द्यायचा नाही. आपल्या हवेत मेमध्ये हे जमणं कठीण, पट्ट्या दुपारपर्यंतच सुटतात. तातडी नसेल तर डिसेंबर-जानेवारीची तारीख मागा, आणि त्या आठवड्यात कुणाकडेही काजू फोडायला किंवा बागेत शिंपायला जाऊ नका.